परमिट रूम, प्रवरेची मळी आणि पुण्यातली क्राफ्ट बिअर

नगर शहरात किंवा जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर बारची पाटी नीट वाचून बघा. 'दारू' हा शब्द त्यावर सापडणार नाही. 'परमिट रूम व बिअर बार' असं लिहिलेलं असतं, खाली 'फॅमिली रेस्टॉरंट', आणि कोपऱ्यात एखाद्या बिअर कंपनीचं चिन्ह. आपण सगळे हा शब्द सहज वापरतो. "परमिटला बसलो होतो" असं म्हणतो. पण परमिट कसलं, कुणाचं आणि ते तुमच्या खिशात आहे का, हे कुणी विचारत नाही. बारमालक विचारत नाही, वेटर विचारत नाही, आपण तर नाहीच नाही.

या एका शब्दात आपल्या राज्याचा पाऊणशे वर्षांचा इतिहास अडकलाय. त्यात आपल्या जिल्ह्याचा वाटाही बराच मोठा आहे. म्हणून ही जरा लांब पोस्ट. चहा घेऊन वाचा. (चहाच घ्या.)

आधी कायदा. महाराष्ट्रात आजही दारूबंदीचाच कायदा लागू आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. पोलिस स्टेशनच्या प्रेसनोटमध्ये रोज येणारं 'कलम 65 (ई) प्रमाणे गुन्हा दाखल' हे वाक्य याच कायद्यातलं. म्हणजे कायद्याच्या भाषेत या राज्यात दारू बंदच आहे. परवाना असेल त्याला तेवढी सूट. विकणाऱ्याला परवाना लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. पिणाऱ्यालाही लागतो. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचे 5 रुपये, देशीसाठी 2 रुपये, वर्षाचे 100 आणि आजीवन 1000 असे त्याचे दर वर्षानुवर्षं चालत आलेत. वयाची अटही आहे. माइल्ड बिअर आणि वाइनला 21 वर्षं, बाकी सगळ्याला 25. असा परवाना असलेल्या माणसाने जिथं बसून प्यायची ती खोली म्हणजे परमिट रूम.

आता हिशोब लावा. आज रात्री जिल्ह्यातल्या टेबलांवर बसलेल्यांपैकी किती जणांकडे तो कागद असेल?

ही गंमत कशी तयार झाली, ते समजायला जरा मागं जावं लागेल.

आपल्याकडं दारू इंग्रजांनी आणली असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. बहमनी काळात, पंधराव्या शतकात, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी जुन्नरला येऊन राहिला होता. इथले लोक नारळापासून दारू करतात, हे त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय. पुढं त्याच जुन्नरमधून मलिक अहमद उठला आणि 1490 मध्ये त्याने आपलं नगर वसवलं. अकोल्याच्या डांगाणात मोहाची दारू, कोकणपट्टीत ताडी-माडी, हे सगळं जुनंच आहे. सणाला, लग्नाला, मयताला घरात गाळायची आणि घरात संपवायची. तिला दुकान नव्हतं.

दुकान आणलं ते इंग्रजांनी. ऑगस्ट 1803 मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पेशवाई बुडाल्यावर जिल्हा त्यांच्याकडे आला, भिंगारला छावणी बसली. गोरा सोल्जर आला की त्याची दारू आलीच. त्या काळात इंग्लंडहून बिअर जहाजाने यायची, आफ्रिकेला वळसा घालून, चार-सहा महिने समुद्रावर. ती टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची कडवट फुलं, नासू न देणारी. याच बिअरला पुढं 'इंडिया पेल एल' हे नाव पडलं. आज पुण्या-मुंबईच्या क्राफ्ट बिअरवाल्यांच्या फळ्यावर 'आयपीए' लिहिलेलं असतं ना, ते हेच. आपल्या देशाचं नाव असलेली बिअर, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ती चाखलेलीसुद्धा नाही.

यातही एक पोटभेद आहे. अभ्यासक सांगतात की हिंदुस्थानातले गोरे अधिकारी आणि साहेब लोक पेल एल प्यायचे, आणि साधा शिपाई काळी, स्वस्त पोर्टर प्यायचा. ग्लासावरून माणसाची पायरी ओळखायची रीत तेव्हापासूनची.

दुसरी गोष्ट सरकारच्या तिजोरीची. 1878 मध्ये मुंबई अबकारी कायदा आला. प्रिचर्ड नावाचा अबकारी अधिकारी त्यामागं होता. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करायच्या, दारू मोठ्या मध्यवर्ती भट्टीत गाळायची, विक्रीचा ठेका द्यायचा आणि कर एका जागी गोळा करायचा, असं ते धोरण. ताडीच्या झाडावरही कर बसला. घरात गाळणारा माणूस एका रात्रीत गुन्हेगार झाला, आणि ठेकेदार प्रतिष्ठित झाला. तेव्हाची ही चौकट आजही फारशी बदललेली नाही, हे पुढं वाचताना लक्षात येईल.

म्हणूनच स्वातंत्र्याच्या चळवळीने दारूला विरोध केला, तेव्हा ती नुसती नीतीची गोष्ट नव्हती. 1908 मध्ये पुण्यात टिळकांच्या लोकांनी दारूच्या दुकानांसमोर उभं राहून गिऱ्हाईकं परत पाठवली. गांधीजींनी तर दारूबंदी हा काँग्रेसच्या कार्यक्रमाचा कणाच केला. दारूचा पैसा म्हणजे परक्या सरकारचा पैसा, हे गणित लोकांना पटलेलं होतं.

त्यामुळं काँग्रेसचं सरकार आल्यावर बंदी येणं ठरलेलंच होतं. 1 ऑगस्ट 1939 ला मुंबई शहरात पहिला प्रयोग झाला. आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर त्याच्या पुढाकारात होते. महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, प्रयोग अर्धवट राहिला. 1946 ला बाळासाहेब खेरांचं सरकार परत आलं, मोरारजी देसाई गृहमंत्री झाले. 1949 चा कायदा झाला आणि 6 एप्रिल 1950 पासून सगळ्या मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी लागू झाली. ज्यांना डॉक्टर म्हणेल की दारूवाचून चालणार नाही, त्यांना हेल्थ परमिट. परदेशी पाहुण्यांना वेगळं परमिट. आपल्या आजच्या परमिट रूमची आजी म्हणजे ते हेल्थ परमिट.

बंदी आली, दारू मात्र थांबली नाही. ती तळघरात, ओढ्याकाठी, उसाच्या फडात गेली. गूळ, नवसागर, पत्र्याचा डबा आणि तीन दगडांची चूल एवढं भांडवल पुरतं. आजही जिल्ह्यातल्या प्रेसनोटमध्ये 'गूळमिश्रित कच्चे रसायन जागीच नष्ट' हे वाक्य येतं. वीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा ते टाइप केलं तेव्हाही शब्द हेच होते, आणि ज्येष्ठ सहकारी सांगायचे की त्यांच्या वेळीही हेच होते. छापा पडतो, रसायन ओततात, आठ दिवसांनी चूल पुन्हा पेटते. पकडली जाणारी बहुतेक वेळा गरीब बाई असते, कारण गाळणारी ती असते. गूळ आणि नवसागर पुरवणारा बहुतेक वेळा सापडत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ.

प्रवरेवर भंडारदरा धरण बांधून झालं 1926 मध्ये. कालव्याचं पाणी खाली आलं आणि श्रीरामपूर, राहुरी, राहाता भागाचं रूप पालटलं. ऊस आला. हरिगावला बेलापूर कंपनीचा कारखाना आला. 1933 मध्ये श्रीरामपूरजवळ डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स आली, तिच्यावरून टिळकनगर हे गाव वसलं. कोपरगावकडं सोमय्यांची साकरवाडी उभी राहिली. आणि मग विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी लोणीला शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी साखर कारखाना उभा केला. 1950-51 चा त्याचा पहिला गळीत हंगाम. आशियातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो, आणि तो बाळगायलाच हवा.

तारखा शेजारी ठेवून बघा. एप्रिल 1950 ला राज्यात दारूबंदी. त्याच वर्षाअखेर प्रवरानगरला गळीत सुरू. आणि साखर म्हटलं की मळी आलीच.

एक टन ऊस गाळला की साधारण 40 ते 45 किलो मळी निघते. काळी, घट्ट, गोडसर. साखर काढून घेतली तरी तिच्यात साखर उरलेली असते, पण दाणा पडत नाही. ही मळी पूर्वी डोकेदुखी होती. साठवायला जागा नाही, ओढ्यात सोडली तर पाणी नासतं. पण आंबवली की एक टन मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल मिळतं. म्हणजे टनभर उसामागं दहाएक लिटर. एकीकडं कारखान्यांच्या आवारात मळीचे डोंगर, दुसरीकडं फडात चोरून पेटणाऱ्या भट्ट्या, आणि तिसरीकडं रिकामी होत चाललेली सरकारी तिजोरी. या तिघांचं जमणं फक्त वेळेचा प्रश्न होता.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली. परमिट मिळणं सोपं झालं. 1973 मध्ये देशी दारूचे नियम आले. मळीच्या स्पिरिटपासून कारखान्यात बनवलेली, बाटलीबंद, सरकारी शिक्क्याची देशी दारू. हेतू वाईट नव्हता. हातभट्टीच्या विषापेक्षा तपासलेली दारू बरी, हे म्हणणं चूक कसं म्हणणार? पण परिणाम असा झाला की सहकाराने उभे राहिलेले कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलऱ्या राज्याच्या दारूधंद्याचा पाया झाल्या. टिळकनगरची कंपनी पुढं मॅन्शन हाउस ब्रँडीसाठी देशभर ओळखली जाऊ लागली. तिनेच 2025 च्या जुलैमध्ये इम्पीरियल ब्लू ही व्हिस्की एका फ्रेंच कंपनीकडून विकत घेण्याचा करार जाहीर केला. श्रीरामपूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याची ही मजल. कौतुक करा किंवा कपाळावर हात मारा, पण हा आपला इतिहास आहे.

इथं एक गंमत सांगतो. 1 मे 1960 ला राज्य दुभंगलं तेव्हा 1949 चा हाच कायदा गुजरातलाही वाट्याला गेला. एकाच कायद्याची दोन लेकरं. गुजरातने तो बंदी म्हणून ठेवला, आपण परवाना म्हणून. गुजरातमध्ये बंदी असून दारू मिळते, आणि आपल्याकडं दारू मिळत असून कागदावर बंदी आहे. आपल्याच राज्यात वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आहे. चंद्रपूरला 2015 ला आली आणि 2021 ला उठली.

परमिट रूम गल्लोगल्ली का झाल्या, यालाही कारण आहे. सत्तरच्या दशकापासून राज्यात नवीन वाइन शॉप आणि नवीन देशी दारूच्या दुकानांचे परवाने देणं जवळजवळ थांबलं. जुन्या परवान्यांना सोन्याचा भाव आला, ते या गावातून त्या गावात फिरू लागले. पण परमिट रूमला आणि नंतर बिअर शॉपीला ही अडचण नव्हती. गरज एका दरवाजाने अडवली, ती दुसऱ्या दरवाजाने आली. नव्वदनंतर महामार्गाच्या कडेचा प्रत्येक ढाबा 'फॅमिली गार्डन' झाला तो असा.

मग डिसेंबर 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. लहान गावांसाठी नंतर ते अंतर 220 मीटर झालं. 1 एप्रिल 2017 पासून अंमल. नगर-पुणे, नगर-मनमाड, नगर-सोलापूर या रस्त्यांवर काय शांतता पसरली होती, ते ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल. मग महापालिका-नगरपालिका हद्दीला सूट मिळाली, रस्त्यांच्या वर्गवारीचे वाद झाले, आणि हळूहळू दिवे परत लागले.

आपल्या जिल्ह्याने दारूविरोधाचा इतिहासही लिहिलाय, हे विसरता येणार नाही. राळेगणसिद्धी. 1975 मध्ये अण्णा हजारे लष्करातून गावी परतले तेव्हा त्या दुष्काळी गावात भट्ट्यांचं पेव फुटलेलं होतं. दारू बंद झाल्याशिवाय पाणलोटाचं कामही उभं राहणार नाही, हे त्यांनी ओळखलं. दारू पिऊन येणाऱ्याला खांबाला बांधून मारल्याच्या गोष्टीही त्याच काळातल्या. त्यावर आजही वाद होतो, आणि व्हायलाच हवा, कारण मार देऊन सोडवलेलं व्यसन किती टिकतं हा प्रश्न आहेच. पण गाव बदललं हेही खरं. 2022 च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय शेवटी कागदावरच राहिला. निघोजच्या बायकांनी आडव्या बाटलीसाठी दिलेला लढाही पारनेर तालुक्यातलाच. 'उभी बाटली की आडवी बाटली' या मतदानाचा अधिकार कायद्याने दिलाय, पण तो जिंकायला हजर मतदारांपैकी नाही तर नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. आमदार-खासदाराला ही अट लावली तर किती जण निवडून येतील?

आणि फेब्रुवारी 2017 चं पांगरमल. नगर तालुका, जिल्हा परिषद निवडणुकीचे दिवस, प्रचाराची पार्टी. बनावट दारू पिऊन गावातले लोक एकामागून एक दगावले. तपासात जे पुढं आलं ते ऐकून सगळं राज्य हादरलं: ही दारू तयार होत होती जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या आवारातल्या कॅन्टीनमध्ये. दोन वर्षांपूर्वीच मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली होती. मेलेला माणूस बाटलीवरचं लेबल बघूनच प्यायला होता. शिक्का बघून विश्वास ठेवला, आणि शिक्काच खोटा निघाला.

इथपर्यंत मळीचं झालं. आता बिअर.

बिअर मळीची नसते. ती सातूची, म्हणजे बार्लीची. सातू भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, त्याचा काढा करायचा, हॉप्स घालून उकळायचा, यीस्ट घालून आंबवायचा. सातू येतो राजस्थान-हरियाणा-उत्तर प्रदेशकडून. बिअरला इथलं लागतं ते पाणी. आपल्याला सगळ्यात जवळचे मोठे बिअर कारखाने पलीकडं वाळूजला, छत्रपती संभाजीनगरच्या एमआयडीसीत. त्यांना पाणी जायकवाडीचं. आणि जायकवाडीत कमी पडलं की पाणी सोडायचं मुळा आणि भंडारदरा-निळवंड्यातून. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये नगर-नाशिकच्या धरणांतून 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा "आमचं पाणी बिअरच्या कारखान्यांना" ही घोषणा आपल्याकडं घरोघरी पोचली.

घोषणेत तथ्य किती? 2016 च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी निम्म्याने आणि मग 60 टक्क्यांनी कापलं होतं. माणसाला प्यायला नसताना बिअरला पाणी नको, ही भूमिका रास्तच होती. पण आकडा बघा. कारखान्यात एक लिटर बिअरला तीन ते पाच लिटर पाणी लागतं. पाटपाण्यावरचा एक हेक्टर ऊस वर्षाला दोन कोटी लिटरच्या पुढं पाणी पितो. ते सगळं दारूच्या खात्यावर टाकणं चूक, कारण त्यातून साखर निघते, बगॅसवर वीज होते, आणि आता मळीचं इथेनॉल पेट्रोलमध्येही जातं. तरीही वाळूजच्या बिअरकडं बोट दाखवताना आपल्या फडाकडं पाठ फिरवायची, हे काही खरं नाही. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचं तर नावच निघत नाही. एक लिटर अल्कोहोलमागं दहा-पंधरा लिटर काळं पाणी तयार होतं. ज्यांच्या विहिरी त्याने बाटल्या, त्यांना विचारा.

मग ही क्राफ्ट बिअर काय भानगड आहे? मोठ्या कारखान्याऐवजी हॉटेलातच लहान टाक्या बसवायच्या, काहीशे लिटरचा घाणा, न गाळता-न तापवता ताजी विकायची. महाराष्ट्रात ही सुरुवात झाली पुण्यात, 2009 मध्ये, कोरिंथियन्स क्लबमधल्या 'डुलाली'ने. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी या दोघांनी ऑलिव्हर शाउफ नावाच्या जर्मन ब्रुअरला सोबत घेऊन ती उभी केली. 2014 मध्ये मुंढव्याला इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली. आज पुण्यात असे बरेच ठिकाणं आहेत.

खराडीला आयटीत असलेला भाचा मागं मला तसल्याच एका ठिकाणी घेऊन गेला. चकाचक असेल असं वाटलं होतं, तर साधं निघालं. लाकडी बाकडी, फळ्यावर खडूने लिहिलेली नावं, दारात कुत्रं झोपलेलं, काउंटरमागं स्टीलच्या टाक्या. पोरं-पोरी ऑफिसच्या बॅगा पायाशी ठेवून बसलेली. शेजारच्या टेबलावरचे दोघं बोलण्यावरून आपल्याकडचे वाटले म्हणून विचारलं, तर एक संगमनेरचा, एक श्रीगोंद्याचा. मी आयपीए मागवली. कडू! पण वास मोसंबीच्या सालीसारखा, आणि दुसऱ्या घोटाला बरी लागली. भाचा म्हणाला, "मामा, ही सावकाश प्यायची असते." एका ग्लासाचे चारशेच्या वर. आपल्या गावच्या परमिट रूममध्ये तेवढ्यात क्वार्टर, उकडलेल्या शेंगा, चखना आणि अंडाबुर्जी होऊन टिप उरते.

फरक पैशाचाच आहे असं मात्र मला वाटत नाही. तिथं मुली निवांत बसल्या होत्या. उजेड होता. खिडक्या होत्या. कुणी तोंड लपवत नव्हतं. आपल्या परमिट रूमला खिडकी नसते, काच असली तर काळी, आत हिरवा-लाल बल्ब, आणि दाराला पडदा. आत शिरताना माणूस आधी डावी-उजवीकडं बघतो. लपून प्यायची म्हणजे भराभर प्यायची, आणि भराभर म्हणजे 'स्ट्राँग'. कमी पैशात, कमी वेळात, जास्त चढणारी. 1950 च्या बंदीने आपल्याला दिलेली ही सवय आहे. कायदा सैल झाला, पडदा तसाच राहिला.

आणखी एक गोष्ट. परमिट तिथंही कुणी विचारलं नाही. चारशेचा ग्लास असो की ऐंशीची बाटली, पाच रुपयांच्या कागदाचं नाटक दोन्हीकडं सारखंच.

क्राफ्ट बिअरने आपले प्रश्न सुटतील असं मी म्हणत नाही. दारू ती दारूच. ताजी असली तरी लिव्हरला ओळखते. पण त्या बाकड्यावर बसून एवढं कळलं की माणूस काय पितो याच्याइतकंच तो कसा, कुठं आणि कुणासोबत पितो यालाही महत्त्व आहे. आणि ते ठरवतं सरकारचं धोरण.

धोरण कुणीकडं चाललंय? 10 जून 2025 ला मंत्रिमंडळाने मद्यावरचा कर वाढवला. विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट. देशीवर प्रूफ लिटरला 180 वरून 205 रुपये. धान्यापासूनच्या 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाच्या नव्या प्रकाराला मान्यता. 180 मिलीची किमान किंमत देशीला 80, या नव्या प्रकाराला 148, विदेशीला 205. यातून वर्षाला 14,000 कोटी जादा मिळतील, असा सरकारचा अंदाज. परमिट रूमवरचा व्हॅटही 5 वरून 10 टक्के झाला, त्याविरुद्ध 14 जुलैला बारवाल्यांनी राज्यभर बंद पाळला. दारू बंद ठेवायला बारमालक रस्त्यावर आले, हेही आपण पाहिलं!

त्या 14,000 कोटींतला किती पैसा व्यसनमुक्तीवर जाणार, हे त्या दिवशीच्या घोषणेत ठळकपणे कुठं दिसलं नाही. राज्यघटनेचं कलम 47 सांगतं की औषधाखेरीज मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा. आणि अर्थखातं सांगतं की टार्गेट पूर्ण करा. 1878 च्या प्रिचर्डसाहेबाला आज उठवून आणलं तर त्याला फार काही नवीन शिकावं लागणार नाही.

माझं म्हणणं एवढंच. पिणाऱ्याचा परवाना ठेवायचा असेल तर तो खरा करा: वय तपासा, नोंद ठेवा, पंधरा-सोळाची पोरं परमिट रूमच्या टेबलावर दिसता कामा नयेत. ठेवायचा नसेल तर काढून टाका, म्हणजे हवालदाराच्या हातातलं एक हत्यार तरी कमी होईल. दारूच्या करातला ठरावीक हिस्सा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीच्या खाटांसाठी बांधून द्या. आडव्या बाटलीच्या मतदानाची अट माणसांना पेलेल अशी करा. हातभट्टीच्या छाप्यात चूल फोडताना गूळ-नवसागर कुठून आला, तोही लिहा त्या पंचनाम्यात. आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत साखरेच्या भावासोबत डिस्टिलरीच्या सांडपाण्याचाही प्रश्न विचारा. तुम्ही सभासद आहात, पाहुणे नाही.

तुमच्या गावातली पहिली परमिट रूम कधी सुरू झाली, त्याआधी तिथं काय होतं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून बघा. आमच्या भागात जिथं आज हिरवा बल्ब लागतो, तिथं पूर्वी वाचनालय होतं.